अडतीस नंबरच्या घराचं शेवटचं पान

१

चिठ्ठी गुरुवारी संध्याकाळी निल्सा तावारेसच्या दारातून आत सरकली. शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती रेन्स्के बाऊमाच्या टेबलावर कॉफीच्या कपाशेजारी पडली होती, आणि समोरच्या खुर्चीत निल्सा बसली होती. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"वाचा ना," निल्सा म्हणाली.

"वाचली. चारच तर ओळी आहेत."

*त्यांनी तुम्हाला पहिलं पान दाखवलं. शेवटचं पान मागा. या घराखालचे खांब कुजलेले आहेत. अजून वेळ आहे, व्यवहारातून बाहेर पडा.*

चौकटीचा कागद, निळी शाई, सगळी अक्षरं कॅपिटल. डावीकडे फुटपट्टीने समास आखलेला. रेन्स्केने कागद उलटा करून पाहिला, उजेडात धरला, मग वासही घेतला. निल्सा बघत राहिली.

रेन्स्के एकसष्ट वर्षांची. गेली एकतीस वर्षं ती रॉटरडॅममध्ये लोकांना घरं मिळवून देत होती. विकणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची दलाल. हा फरक ती पहिल्या भेटीतच समजावून सांगायची, आणि ज्याला तो कळत नसे त्याला दारापर्यंत सोडायची. तिचा स्वतःवर भारी विश्वास होता. लोक त्याला आगाऊपणा म्हणायचे. घर मिळालं की तेच लोक तिला फुलं पाठवायचे.

"बाई, मी ट्राम चालवते," निल्सा म्हणाली. "समोर सायकलवाला आला तर अर्ध्या सेकंदात ठरवते, ब्रेक की घंटी. पण यात माझं डोकंच चालेना. नऊ घरांवर बोली लावली, नऊही गेली. आमची इमारत डिसेंबरात पाडणार आहेत. यारा सोळा वर्षांची आहे, सहा वर्षांत चार घरं बदलली पोरीने. काल तिने मागच्या खोलीसाठी पिवळा रंग निवडला. आणि मी घरी आले तर दारात हे!"

"सह्या मंगळवारी झाल्या. विचाराचे तीन दिवस आज संपतात."

"रात्री बाराला. पण माझी ड्युटी संध्याकाळी पाचला सुरू होते. त्याआधी मला ठरवायचंय. आज मागे फिरले तर एक युरो जात नाही. उद्या फिरले तर दहा टक्के दंड, तो मी कुठून आणू? आणि फिरले नाही, आणि खांब खरंच कुजलेले असले तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. त्या भागात ते कुणालाच पुरं करावं लागत नाही. सगळी जुनी घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी. खांब पाण्यात बुडालेले असतील तर शंभर वर्षं टिकतात. जमिनीतलं पाणी खाली गेलं, डोकी उघडी पडली, की कुजतात. मग घर एका बाजूला कलतं आणि मालक दोन्ही बाजूंनी.

रेन्स्केने फोन उचलला. विकणाऱ्या बाजूचा दलाल मार्नीक्स, एकोणतीस वर्षांचा, टोकदार बुटांचा. सोसायटीने दोन वर्षांपूर्वी पाया तपासून घेतला होता. त्या अहवालाची फाईल घर दाखवायच्या दिवशी तिथल्या कपाटात होती, पण चाळीस माणसं आणि प्रत्येकाला दहा मिनिटं, तेव्हा ती कुणाच्या ना कुणाच्या हातात. 'नंतर पाठवतो' म्हणून मार्नीक्सने पाठवलं ते एकच पान. त्यावर लिहिलं होतं, पाया समाधानकारक.

"मार्नीक्स, पूर्ण अहवाल हवा. आत्ता."

पलीकडून खोकला आला.

"रेन्स्के, मी आज तुला फोन करणारच होतो. मी आत्ता घरातच उभा आहे. फाईल इथे नाहीये."

२

लाकन रस्त्यावर शुक्रवारचा बाजार भरला होता. मासळीच्या गाडीसमोर रांग, कापडवाल्याची आरोळी, कुणाच्या तरी खिडकीतून ढोलकीचं गाणं. अडतीस नंबर म्हणजे तीन मजल्यांचं अरुंद विटांचं घर. खाली कोबूसचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागे त्याची खोली. मधला मजला अलायदा आजींचा, म्हणजे निल्साचा होऊ घातलेला. वर फान झांटन, गणिताचे निवृत्त मास्तर. हे तिघेच सोसायटी. सचिवही मास्तरच.

मार्नीक्स रिकाम्या खोलीत ओकच्या कपाटापाशी उभा होता.

"इथे ठेवली होती. सोळा सप्टेंबरला, सगळे घर बघायला आले तेव्हा. नंतर मी आलोच नाही. सह्या ऑफिसात झाल्या. आज मीटर बघायला आलो तर कपाट रिकामं. त्या चाळीसांपैकी कुणीतरी ढापली असणार."

"आणि तुझ्याकडे प्रत नाही."

"पहिल्या पानाचा फोटो आहे."

"शाबास! लग्नात नवरीच्या चपलांचा फोटो काढतोस का तू?"

मार्नीक्स लाल झाला. "तपासणी करणाऱ्या कंपनीला विचारलं. नवी प्रत द्यायला दहा दिवस लागतील म्हणतात. सोसायटीकडे ही एकच होती. मास्तर संगणकाला हात लावत नाहीत."

"दुसरी बोली कुणाची होती? निल्सा मागे फिरली तर घर कुणाला जातं?"

"ते मी सांगायला नको..."

"तू फाईलही हरवायला नको होतीस."

त्याने सुस्कारा सोडला. "केटलार. तरुण माणूस. बोली निल्साहून चार हजारांनी जास्त होती. पण आजींची अट होती, जो घेईल त्याने स्वतः राहायचं. याने ती अट खोडून पाठवली. आजींना मी नावं सांगत नाही, फक्त 'क' आणि 'ख'. त्यांनी अटी वाचल्या, निल्साचं पत्र वाचलं, आणि बोट ठेवलं."

"या केटलारला निल्साचा पत्ता माहीत आहे?"

"छे! पत्ता फक्त माझ्याकडे. आणि बुधवारी सोसायटीच्या सचिवाला कळवला, नवीन सभासद म्हणून. तेवढंच."

निल्सा खिडकीशी उभी राहून खालचा बाजार बघत होती. आपली नसलेली वस्तू लोक जशी बघतात, तशी. रेन्स्केला ते बघवेना. ती वळली आणि सरळ संडासात गेली.

यात लाजण्यासारखं काही नव्हतं. रेन्स्केचा तो नेमच होता. दिवाणखाना पाहुण्यांसाठी असतो, स्वयंपाकघर फोटोंसाठी. घरातली माणसं कळायची तर संडासाच्या भिंतीवरचं वाढदिवसांचं कॅलेंडर वाचायचं. कोण जवळचं, कोण गेलं, कुणाचं नाव खोडलं. त्यावर वार नसतात, साल नसतं, एकच कॅलेंडर चाळीस वर्षं लटकतं. अलायदा आजींचंही तसंच होतं, कोपरे मऊ झालेलं, दोऱ्याने बांधलेलं.

रेन्स्के दारात थबकली.

सोळा सप्टेंबरला, चाळीस माणसांच्या गर्दीतही, तिने इथे डोकावलं होतं. तेव्हा संडासाच्या झाकणावर लाल-पांढरी पट्टी चिकटवलेली होती, कारण पाणी बंद होतं. आणि कॅलेंडर जुलैवर होतं. जुलैत आजी वृद्धाश्रमात गेल्या, त्यानंतर पान उलटणारं कुणी नव्हतं. आता पट्टी निघाली होती. नीट घडी घालून खिडकीच्या फळीवर ठेवली होती. तिने साखळी ओढली. पाणी धो धो आलं.

आणि कॅलेंडर ऑक्टोबरवर होतं.

"मार्नीक्स!" ती ओरडली. "तू इथे बसलास?"

"मी? ग्राहकांच्या घरी मी संडासला कधीच जात नाही!"

"कॅलेंडर उलटलंस?"

"कसलं कॅलेंडर? वाढदिवस मला फोन सांगतो."

रेन्स्केने बाहेर येऊन कडी लावली. तिच्या चेहऱ्यावर आता ते हसू होतं, ज्याला समोरचे दलाल घाबरायचे.

"निल्सा, फाईल सोळा सप्टेंबरला गेलेली नाही. आज तीन तारीख. ती परवा किंवा काल गेली आहे. आणि नेणाऱ्याकडे या घराची किल्ली आहे."

३

"कसं कळलं?" जिना उतरताना निल्साने विचारलं. जिना म्हणजे शिडीच, दोरीला धरून उलटं उतरायचं.

"मला सांग, तू कुणाच्या संडासात बसलीस आणि समोर मागचा महिना दिसला तर काय करतेस?"

"उलटते."

"का?"

निल्सा विचारात पडली. "का म्हणजे? डोळ्यांना खुपतं. हात आपोआप जातो."

"झालं तर मग. ज्याने ऑक्टोबर काढला तो ऑक्टोबरात आला. सप्टेंबरात आलेला माणूस सप्टेंबरवर थांबला असता. आणि बसण्याआधी त्याने पाणी सुरू केलं. तो नळ कुठे आहे ते बघू."

नळ खालच्या सामाईक बोळात मीटरच्या कपाटात होता. कपाटासमोर सात सायकली एकमेकींत शिंगं अडकवून उभ्या होत्या. बाहेरच्या माणसाला तिथे कपाट आहे हेसुद्धा दिसलं नसतं.

"ओ बाई! माझ्या सायकली हलवू नका!" दुकानातून कोबूस धावत आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे.

"तुमच्या सायकली सोसायटीच्या बोळात काय करतात?"

"हवा खातात," कोबूस म्हणाला, आणि मग निल्साकडे बघून त्याचा चेहरा पडला. "या नव्या मालकीण ना? तक्रार करणार तुम्ही. मला माहीत होतं."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत ताज्या प्लास्टरचा पट्टा दिसत होता. अजून ओलसरच. निल्साचा हात रेन्स्केच्या दंडावर आवळला गेला. भिंतीला अशी उभी भेग जाते ती पाया खचला की, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.

"भेग कधी बुजवलीत?" रेन्स्केने विचारलं.

"कसली भेग?"

"कोबूस, मी तुमच्याहून म्हाताऱ्या भिंती पाहिल्यात."

"सोमवारी," तो पुटपुटला. "पण त्याचा आणि वरच्या घराचा काही संबंध नाही."

"वरच्या घराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"आहे. अठ्ठ्याण्णवपासून. आजींचं मांजर जिवंत होतं तेव्हा दिलेली. पण या आठवड्यात मी वर पाऊलही टाकलं नाही. आईशप्पथ!"

बोलता बोलता त्याने किल्ल्यांचा जुडगा दाखवला, आणि जुडगा, दाराची कडी, दुकानातलं कॉफीचं यंत्र, जिथे जिथे त्याचा हात लागला तिथे तिथे काळा ठसा उमटला होता. त्याच्या गालावरही एक होता.

बाहेर आल्यावर निल्साचा आवाज चढला. "हाच! भेग लपवतोय. किल्ली आहे, नळ माहीत आहे. खांब कुजलेत, मला कळू नये म्हणून याने फाईल नेली!"

"कळू नये म्हणून फाईल नेली, आणि कळावं म्हणून चिठ्ठी लिहिली?"

निल्साने मागे वळून दुकानाकडे पाहिलं.

"आणि चिठ्ठी टाकली कुठे? तुझ्या दारात. तुझा पत्ता याला कुणी दिला? दोनच जणांकडे तो होता." रेन्स्केने घड्याळ बघितलं. पावणेबारा. "आता मला फक्त एवढं हवंय, की ते कशासाठी. चल, आजींकडे जाऊ. वाटेत कुठेतरी चीजचा पाव घेऊ. उपाशीपोटी मी कुणालाही चोर ठरवत नाही."

४

अलायदा आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. वृद्धाश्रमातली खोली चौथ्या मजल्यावर होती आणि तिथून नदीतली जहाजं दिसायची. आजी खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"जहाजं काय, येतात नि जातात," त्या म्हणाल्या. "मला रस्ता हवा होता. मासळीवाला ओरडतो का अजून?"

"अजून ओरडतो," निल्सा म्हणाली. "आज त्याच्याकडे हेरिंग महाग आहे म्हणून भांडण चाललं होतं."

आजी खूश झाल्या. त्यांनी दोघींना कॉफी दिली, डब्यातून एकेक बिस्कीट दिलं आणि डबा लगेच बंद केला.

"तूच ती पत्रवाली. 'माझ्या मुलीला एका खिडकीतून दोन उन्हाळे बघायचेत.' ते वाचून मी त्या पोराला सांगितलं, हिलाच द्यायचं. दुसरा जास्त देत होता. पण त्याला खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या, दिसतच होतं. अट खोडली म्हणजे काय? माझ्या घरात चार अनोळखी माणसं, चार कुलपं. नको."

"आजी, किल्ल्या कुणाकुणाकडे?" रेन्स्केने विचारलं.

"दलालाकडे. कोबूसकडे. आणि वर."

"मास्तरांकडे."

"एकेचाळीस वर्षं. त्यांची बायको गेली तेव्हापासून रोज अकराला ते खाली कॉफीला यायचे. भांडायचे, कॉफी पातळ म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. तेवीस नोव्हेंबर त्यांचा वाढदिवस. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा ना, मग स्वतः भाजलेला सफरचंदाचा केक घेऊन जिना उतरायचे. एकदा केकसकट घसरले." आजी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "आता वर एकटेच असतील. खाली माझा रेडिओ नाही. मला एकदाच म्हणाले होते, अलायदा, खालून आवाज येईनासा झाला की म्हातारपण येतं."

निल्साने कप खाली ठेवला.

"तुमचं कॅलेंडर मागे राहिलंय," रेन्स्के हळूच म्हणाली.

"राहू दे. इथल्या संडासात भिंत कुठे आहे? सगळीकडे धरायच्या दांड्या. आणि ते माझ्या एकटीचं नाहीच. जो यायचा तो बसल्या बसल्या स्वतःचं नाव लिहून जायचा. अर्धी नावं मी लिहिलेलीच नाहीत."

"ऑक्टोबरात एक आहे. अकरा तारीख. पोराच्या अक्षरात, शेजारी सायकलचं चित्र. फ्लोरिस. जन्मसाल शहाण्णव."

"हो तर! वरच्यांचा नातू. मास्तरांच्या मुलीचा मुलगा. शाळेनंतर माझ्याकडेच असायचा, मांजराची शेपटी ओढायचा. आता मोठा झाला, कसली तरी टाय लावतो."

"मुलीचं लग्नानंतरचं आडनाव काय हो?"

आजींनी सांगितलं.

रेन्स्केने उरलेलं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि उभी राहिली.

५

साडेतीनला मधल्या मजल्यावर पाच माणसं जमली. बसायला काही नव्हतं, म्हणून कोबूसने दुकानातून स्टुलं आणली आणि या देशात वाढदिवसाला बसतात तसा सगळ्यांचा गोल झाला. फक्त केक नव्हता आणि कुणी कुणाचं अभिनंदन करत नव्हतं.

फान झांटन मास्तर उंच, वाकलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली. मांडीवर जुनी चामड्याची शाळेची बॅग.

"मला सचिव म्हणून बोलावलंत असं समजतो," ते म्हणाले. "फाईल हरवली हे खेदजनक आहे. दलालाने निष्काळजीपणा केला."

"केलाच," रेन्स्के म्हणाली. "पण पट्टीची घडी त्याने घातली नाही. तो असता तर पट्टी गोळा करून कोपऱ्यात फेकली असती."

"कसली पट्टी?"

"सांगते. मास्तर, तुम्ही गणितवाले, चूक दिसली की थांबवा. घर जुलैपासून बंद. सोळा सप्टेंबरला कॅलेंडर जुलैवर, हे मी स्वतः पाहिलं. आज ते ऑक्टोबरवर. म्हणजे बुधवारी किंवा गुरुवारी कुणीतरी आत आलं, आणि बाहेरून जपून आलेला माणूस आतमध्ये मात्र घरच्यासारखा वागला. सायकलींमागचा नळ त्याला ठाऊक, म्हणजे तो या इमारतीतला. इथवर बरोबर?"

मास्तरांनी मांडीवरची बॅग जवळ ओढली.

"इमारतीत उरले दोघे. कोबूसचा हात लागेल ती वस्तू काळी होते. ऑक्टोबरचं पान स्वच्छ आहे."

"बघा!" कोबूस म्हणाला. "आणि भेग माझीच आहे, कबूल. सायकलींचे हूक ठोकताना भिंत फुटली. बोळातून सायकली आत घ्यायच्या होत्या, नव्या मालकाने तक्रार करायच्या आधी. आता झालं समाधान?"

"झालं. मग चिठ्ठी. ती निल्साच्या घरी पोचली. पत्ता मार्नीक्सकडे होता, आणि बुधवारी त्याने तो एकाच माणसाला कळवला. सोसायटीच्या सचिवाला. चिठ्ठीत अक्षर बदललंय, पण डावीकडे समास आखलाय, फुटपट्टीने. निनावी चिठ्ठीला समास! चाळीस वर्षं पोरांना समासासाठी ओरडलेला माणूसच तो आखतो."

मार्नीक्सने तोंड उघडलं, पण रेन्स्केने बोट वर केलं.

"एक पायरी उरते, कशासाठी? निल्सा मागे फिरली की घर दुसऱ्या बोलीला. ती बोली फ्लोरिस केटलारची. आणि ज्या कॅलेंडरचं पान तुम्ही उलटलंत, त्याच पानावर अकरा तारखेला त्याने लहानपणी स्वतःचं नाव लिहिलंय, सायकलसकट. तुमचा नातू, मास्तर."

खाली मासळीवाला शेवटचा माल निम्म्या भावात ओरडत होता. मास्तरांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"बुधवारी आलो होतो," ते शेवटी म्हणाले. "फाईल घेतली. मग... एकेचाळीस वर्षं या घरात येतोय. थोडा वेळ बसावंसं वाटलं. पान उलटलेलं मला आठवतसुद्धा नाही."

निल्सा ताडकन उठली. "मला आठवतंय ना! कालची रात्र आठवतेय! माझ्या पोरीने रंग निवडला आणि मी तिला सांगू शकले नाही की कदाचित घर नाहीये. तुम्ही मास्तर? लाज नाही वाटत? खांब कुजलेत की नाही ते तरी खरं सांगा!"

मास्तरांनी बॅग उघडली. फाईल आत होती. एकही पान मुडपलेलं नव्हतं.

"फाडायचा विचार केला होता," ते म्हणाले. "जमलं नाही. कागद आहे हो, सह्यांचा."

निल्साने फाईल हिसकावली आणि मागून उघडली. शेवटचं पान वाचताना तिचे ओठ हलत होते. *खांबांची डोकी पाण्याखाली. लाकूड शाबूत. पुढील तपासणी पंचवीस वर्षांनी.*

ती पुन्हा स्टुलावर बसली आणि त्याच ओळी परत वाचल्या.

६

"पोलिसांना कळवायचं का?" मार्नीक्सने विचारलं. स्वतःच्या एका पानाच्या फोटोविषयी आता कुणी विचारू नये, अशी त्याची इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट होती.

"ते निल्सा ठरवेल," रेन्स्के म्हणाली. "पण मास्तर, एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. फ्लोरिस इथे राहायला येणार नव्हता."

"म्हणजे? त्याने मला स्वतः सांगितलं. आजोबा, मी खाली असेन, रोज भेटू."

"आजींची अट होती स्वतः राहायची. त्याने ती खोडली. मार्नीक्स, सांग."

मार्नीक्सने बुटांकडे बघत मान हलवली. "शाईने खोडली. खोल्या भाड्याने देण्याबद्दल त्याने मला दोनदा विचारलंसुद्धा."

मास्तरांनी बॅगेचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हातारा माणूस, आणि त्याला समजलं होतं की त्याने आयुष्यातली पहिली चोरी चार अनोळखी भाडेकरूंसाठी केली. रेन्स्केला त्याची कीव आली. तिला ती फारशी येत नसे, म्हणून तिने खिडकीकडे बघितलं.

"मी सचिवपद सोडतो," मास्तर निल्साला म्हणाले. "तुम्ही तक्रार करा, तुमचा हक्क आहे. मी जे केलं ते नीच होतं. दुसरा शब्द नाही."

"नाहीच," निल्सा म्हणाली.

तिने घड्याळ बघितलं. सव्वाचार. डेपो इथून वीस मिनिटांवर. "माझी ड्युटी कधी पहाटे चारला सुरू होते, कधी रात्री एकला संपते. यारा गाणी लावते, आणि दारं आपटते. सोळा वर्षांच्या मुली दारं आपटतात. तुम्हाला खालून आवाज हवा होता ना?"

मास्तरांनी मान वर केली.

"म्हणजे तुम्ही घर घेताय?"

निल्साने रेन्स्केच्या हातातलं पेन काढून घेतलं, संडासात गेली आणि दार लावलं. सगळे गोलात बसून राहिले. आतून साखळीचा आवाज आला, धो धो पाणी आलं. निल्सा बाहेर आली, पेन रेन्स्केला दिलं, फाईल काखेत मारली.

"सचिवपद सोडायचं नाही. पुढची पंचवीस वर्षं ही फाईल माझ्याकडे राहील, आणि तुम्ही दर महिन्याला येऊन ती जागेवर आहे की नाही ते बघायचं. पोलिसांचं मी ठरवलेलं नाही. त्याला विचाराचे तीन दिवस मीही घेते."

दोरीला धरून ती उलटी जिना उतरली. खालून तिचा आवाज आला, "कोबूस, दोन सायकली चालतील! सात नाही!"

मास्तर उठले. हळूहळू संडासापर्यंत गेले, दारातच उभे राहिले. रेन्स्केने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कॅलेंडर मार्चवर होतं. सात तारखेला ट्रामवालीच्या घाईच्या अक्षरात नवं नाव होतं, यारा, आणि पुढे जन्मसाल.

मास्तरांचे ओठ हलले. ते वजाबाकी करत होते.

"मार्चमध्ये सतरा होईल," ते म्हणाले.

"केक तिने आणायचा," रेन्स्के म्हणाली. "पण त्याआधी तेवीस नोव्हेंबर येतो. किल्ली निल्साला चौदा नोव्हेंबरला मिळतेय. या वेळी जिना सांभाळून उतरा."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि पानं मागे उलटून कॅलेंडर पुन्हा ऑक्टोबरवर आणून ठेवलं.